गाडगे, नांगर आणि डिगना : श्रमाविषयीच्या एका लहान पुस्तकाचा अभ्यास

आपल्या वसतिगृहयुक्त शाळेच्या ग्रंथालयात जी पुस्तके वारंवार शिवून, पुठ्ठा बदलून ठेवावी लागतात, त्यांत 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे एक लहान सचित्र पुस्तक आहे. मडके फिरवणे आणि जमीन कसणे, असा त्या नावाचा सरळ अर्थ. मजकूर कांचा इलैया यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम यांची. 'नवयान' या प्रकाशनसंस्थेने ते २००७ साली काढले. संस्थेचे नाव बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माच्या नव्या मार्गावरून घेतलेले आहे, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगण्याचे कारण नाही. पुस्तक लहान मुलांसाठी आहे, इंग्रजी सोपे आहे, आणि तरीही त्याने आमच्या वर्गात आणि पालकसभेत जेवढी चर्चा उठवली तेवढी मोठमोठ्या ग्रंथांनी उठवली नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पुस्तकाचा, त्याच्या दोन कर्त्यांचा आणि त्यातून निघणाऱ्या एका अवघड प्रश्नाचा अभ्यास मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पुस्तकाचा जन्म ज्या वर्षी झाला त्याची पार्श्वभूमी प्रथम लक्षात घेतली पाहिजे. २००६ साली केंद्र सरकारने उच्च शिक्षणाच्या केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देण्याचे ठरविले. त्याविरुद्ध दिल्लीत आणि अन्यत्र वैद्यकीय व अभियांत्रिकीचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. निषेध म्हणून त्यांनी काय केले? हातात झाडू घेऊन रस्ते झाडले आणि बुटांना पॉलिश केले. आरक्षण आले तर आमच्यासारख्या गुणवंतांवर ही वेळ येईल, असा त्याचा अर्थ. वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे मोठ्या कौतुकाने छापली. त्या छायाचित्रांत एक गोष्ट कोणी बोलून दाखवीत नव्हते. ज्या कामाला हे तरुण विटंबनेचे चिन्ह समजत होते, ते काम या देशात लक्षावधी माणसे रोज पहाटे उठून करीत होती आणि त्यांचीच मुले त्या आरक्षणाच्या दारात उभी होती. भावी डॉक्टरांना चप्पल शिवणारा माणूस अडाणी का वाटतो, या प्रश्नाचे मूळ त्यांच्या शाळेत आहे. त्यांच्या पाठ्यपुस्तकांत चांभार, कुंभार, परीट आले तरी ते 'समाजसेवक' म्हणून चित्रापुरते आले. ते काही जाणतात, त्यांच्या कामात विचार आहे, हे कोणी शिकविले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले.

लेखक कांचा इलैया यांचा जन्म १९५२ साली तेलंगणातील वारंगल जिल्ह्यात मेंढपाळ कुटुंबात झाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र शिकविले. १९९६ साली आलेल्या 'व्हाय आय अ‍ॅम नॉट अ हिंदू' या पुस्तकामुळे त्यांचे नाव देशभर झाले. तथागतांच्या राजकीय विचारांवरही त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. पुढे त्यांनी आपल्या नावापुढे 'शेफर्ड', म्हणजे मेंढपाळ, हा शब्द जोडला. ज्या व्यवसायाच्या नावाने शाळेत मुलाला हिणवतात, तेच नाव प्राध्यापकाने स्वतःहून धारण करावे, या कृतीतच त्यांच्या लेखनाची दिशा दिसते.

चित्रकर्त्या दुर्गाबाई व्याम या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बुरबासपूर गावच्या, परधान गोंड समाजातल्या. दारिद्र्यामुळे त्यांना शाळेत जाता आले नाही. अगदी लहानपणी आजीकडून त्या 'डिगना' शिकल्या. लग्नकार्य, सणवार, सुगी अशा प्रसंगी घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर माती-शेणाच्या सारवणावर काढावयाच्या भौमितिक आकृत्यांना डिगना म्हणतात. परधान हे परंपरेने गोंडांचे भाट. 'बाना' हे तंतुवाद्य वाजवून देवांच्या, राजांच्या आणि वंशांच्या कथा गाणे हे त्यांचे काम. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर भागातही परधान समाज आहे आणि त्या भागातून आलेली मुले आपल्या शाळेत शिकून गेली आहेत. गाणारे हे लोक कागदावर चित्रे काढू लागले ते जनगढ सिंह श्याम यांच्यापासून. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत भोपाळच्या भारत भवनाच्या कामासाठी खेडोपाडी हिंडणाऱ्या मंडळींना, जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रेरणेने, हा तरुण पाटनगढ गावी सापडला. त्याच्या मागोमाग त्याचे नातलग भोपाळला आले. त्यांत सुभाष व्याम आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई होत्या. २०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. जनगढ मात्र २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून फार दूर, निवर्तले. कलावंताचा गौरव आणि त्याचे हाल एकाच कहाणीत कसे नांदतात, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही हा भाग वगळीत नाही.

अशा या दोघांचे सहकार्य झाले कसे, याचा विचार केला म्हणजे पुस्तकाचे मर्म कळते. लेखक इंग्रजीत लिहिणारा, तेलुगू मातृभाषेचा, विद्यापीठातला. चित्रकर्ती शाळेची पायरी न चढलेली. इंग्रजी मजकूर तिच्यापर्यंत पोहोचावयाचा तर तो कोणीतरी सांगावा लागणार, आणि तिने तो ऐकून आपल्या मनात बसवावा लागणार. परधानांची परंपरा नेमकी हीच. ऐकलेली कथा गळ्यातून किंवा हातातून पुन्हा उभी करणे. म्हणून तिचे काम मजकुराखाली शोभेचे चित्र टाकण्याचे राहत नाही. नेहमीच्या पाठ्यपुस्तकातले चित्र आठवून पाहा. कुंभार एका कोपऱ्यात, पाठ वाकलेली, अंगावर फाटके वस्त्र, चेहऱ्यावर काही भाव नाही. गोंड शैलीत माणूस, बैल, झाड, अवजार ही सारी एकाच दर्जाने कागदावर येतात. जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा हिशेब तिथे नसतो. प्रत्येक आकृतीचे अंग बारीक ठिपक्यांनी, रेघांनी, खवल्यांसारख्या नक्षीने भरलेले असते आणि ही भरण्याची रीत प्रत्येक चित्रकाराची आपापली, जणू त्याची सही. अशा हातातून कष्टकरी माणसाचे चित्र उतरले की त्याची कीव येत नाही. आमच्या मते पुस्तकातील निम्मे म्हणणे या चित्रांनीच मांडले आहे.

इलैया यांनी आठ समूह घेतले आहेत : आदिवासी, गुरे-मेंढरे पाळणारे, चामड्याचे काम करणारे, कुंभार, शेतकरी, विणकर, परीट आणि न्हावी. प्रत्येकाच्या कामात कोणते ज्ञान आहे हे ते मुलांना सांगतात. आम्ही आठवीच्या वर्गात हे पुस्तक वाचावयास घेतले तेव्हा मजकुराला जोडून आपल्याकडील माहिती देत गेलो, कारण तेलंगणातील उदाहरण आणि आपल्या गावातील उदाहरण यांत शब्दांचे अंतर असले तरी प्रक्रिया एकच.

कातडे कमावण्याचेच पाहा. मेलेल्या जनावराचे कातडे दोन दिवसांत सडते. ते मिठाने राखावयाचे, चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करावयाचे, आतल्या बाजूचे मांस खरवडावयाचे, चुना धुऊन काढावयाचा आणि मग बाभळीची किंवा तरवडाची साल, हिरडा यांच्या काढ्यात दिवसेंदिवस मुरवावयाचे. सालीतील टॅनिन कातड्यातील प्रथिनांशी जोडले जाते आणि त्यानंतर ते कातडे कुजत नाही, पाणी सोसते, वाकते पण तुटत नाही. शेवटी तेल चोळून मऊ करावयाचे. चुना किती, साल कोणती, किती दिवस, हे चुकले तर माल वाया. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी हे सारे फळ्यावर रासायनिक भाषेत मांडले तेव्हा वर्गात शांतता पसरली. मोटेचे कातडे, बैलाचे जोते, ढोलकीचे पान, पखवाजाची वादी, पायातले पायताण यांवाचून ना शेती चालली असती ना भजन. परंतु ज्याच्या हातून हे झाले त्याची सावलीही नको, असा दंडक होता.

कुंभाराविषयी थोडक्यात. माती चाळणे, तीत राख किंवा घोड्याची लीद मिसळणे, चाकावर आकार काढणे, ओलसर असताना आतून गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत भिंत पातळ करणे, सावलीत वाळविणे, मग आवा लावणे. लीद भट्टीत जळून जाते आणि मडक्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरून वाफ होते म्हणून उन्हाळ्यात माठातील पाणी गार. हे मुलांना चटकन कळते.

विणकरांच्या प्रकरणावर आम्ही अधिक वेळ दिला, कारण तिथे आपला स्वतःचा इतिहास गुंतलेला आहे. साळी आणि कोष्टी यांच्याप्रमाणेच विदर्भातील महार समाजात हातमागावर जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर होता. गिरण्यांच्या कापडाने तो मोडला. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत तर गिरणगावच उभे राहिले आणि हीच माणसे गिरण्यांत गेली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूतकताईच्या खात्यात घेतले जात. विणकामाच्या खात्यात मात्र त्यांना मज्जाव, आणि पगार विणकामात जास्त. कारण काय? धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला दोघांचे ओठ लागणार, म्हणून स्पृश्य कामगारांस विटाळ. पिढ्यान् पिढ्या माग चालविणाऱ्यांच्या नातवाला माग चालविण्याच्या खात्याचे दार बंद! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते अस्पृश्यांस खुले करण्याची मागणी करावयास सांगितले. एरवी कामगारांच्या एकजुटीविषयी उच्चरवाने बोलणाऱ्यांना त्या वेळी बरेच अवघडल्यासारखे झाले. इलैया यांच्या पुस्तकात ज्ञानाची बाजू येते. तिला जोडून ही दुसरी बाजू शिक्षकाने सांगितली नाही, तर धडा अर्धवट राहतो.

न्हाव्यांच्या प्रकरणाशी धम्माचा संबंध मुले आपणहून जोडतात, इतकी उपालीची कथा त्यांच्या परिचयाची आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी निघाले, त्यांचा न्हावी उपाली सोबत होता. अंगावरचे अलंकार त्याला देऊन त्यांनी त्याला परत पाठविले. त्याने ते झाडाला टांगले आणि तोही तथागतांकडे गेला. राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाचा अभिमान जिरेल. तथागतांनी तसेच केले. याच उपालीने पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण केले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपालीची, सफाई करणाऱ्या सुनीताची आणि इतर हीन मानलेल्यांची दीक्षा एका स्वतंत्र भागात मुद्दाम घेतली आहे. जाता जाता नमूद करावेसे वाटते की १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. एखाद्या कारागीर समूहाने आपले कौशल्य अन्यायासाठी वापरू देणार नाही म्हणून काम नाकारावे, हे उदाहरण आमच्या मते पाठ्यपुस्तकात मानाच्या जागी असावयास हवे.

पुस्तकाविषयी एक आक्षेप इतिहासाचे अभ्यासक म्हणून नोंदविणे आम्हांस प्राप्त आहे. अमुक शोध अमुक जातीने लावला, असे ठाम विधान मुलांना आवडते, पण ते सिद्ध करणे कठीण असते. प्राचीन काळातील कारागीर आणि आजच्या जाती यांची जोडी एकास एक अशी लागत नाही. कारागिरांच्या श्रेणी होत्या, व्यवसाय बदलत होते, माणसे स्थलांतर करीत होती. सोपे करून सांगण्याच्या ओघात इलैया यांच्याकडून ही गुंतागुंत कमी होते. तथापि दुसऱ्या बाजूने शतकानुशतके जे लिहिले गेले, त्यात या माणसांना ज्ञानाचा एक कणही दिलेला नाही, हे ध्यानात घेता हा दोष आम्हांस क्षम्य वाटतो. वर्गात आम्ही एवढेच करतो की 'पहिला शोध कोणी लावला' यापेक्षा 'हे काम करताना काय काय माहीत असावे लागते' असा प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर तपासता येते.

आता त्या अवघड प्रश्नाकडे. हे पुस्तक वर्गात चालू असताना पालकसभेत एक पालक उभे राहिले. वयस्क, गावी चामड्याचा धंदा सोडून शहरात हमाली करणारे. ते म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? ज्या घाणीतनं बाहेर पडायला बाबासाहेबांनी सांगितलं, त्यातनं आम्ही बाहेर पडलो. पोराला इथं ठेवलं ते साहेब व्हायला. तुम्ही त्याला पुन्हा आरी आणि रापी दाखवता. हे काय बरोबर?" सभेत कुजबुज झाली. बऱ्याच जणांच्या मनातले ते बोलले होते.

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, कारण तो चळवळीच्या गाभ्यातून येतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे सांगितले गेले. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या गुलामगिरीतून सुटका व्हावी म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही निव्वळ श्रमाची विभागणी आहे हा युक्तिवाद खोडून काढला. ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक पायऱ्यांची, हे त्यांनी दाखविले. आणखी पुढे, भंग्याचे काम थोर आहे असे सांगून भंग्याला त्याच कामात राहावयास लावणाऱ्या उपदेशाचा त्यांनी १९४५ च्या ग्रंथात कठोर समाचार घेतला. तेव्हा 'श्रमाची प्रतिष्ठा' हा शब्द ऐकताच आंबेडकरी माणसाने सावध व्हावे, हे योग्यच आहे. या गोड शब्दाने अनेकांना जन्माच्या खुंटीला बांधून ठेवले आहे.

त्या पालकांना आम्ही जे उत्तर दिले ते असे. काम आणि कामाचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी सोडावयास सांगितले ते जन्माने लादलेले, मोबदल्यावाचूनचे, अपमानाचे काम. कातडे कमावण्याची विद्या खोटी आहे, असे ते कोठेही म्हणाले नाहीत. तुमचा मुलगा रसायनशास्त्र शिकेल तेव्हा चुन्याचा आणि टॅनिनचा धडा त्याला नवा नसेल. त्याच्या आज्याला तो येत होता, एवढे त्याला कळले तर तो वर्गात मान खाली घालून बसणार नाही. तो धंदा त्याने करावा असे आमचे म्हणणे नाही. तो कोणी करावा आणि कोणी करू नये हे जातीने ठरू नये, एवढेच म्हणणे आहे. इलैया यांच्या आठ समूहांत सफाई कामाचे प्रकरण नाही. आम्हांस ते उचित वाटते. मानवी मैला हाताने उचलण्याच्या कामात गौरव करण्यासारखे काही नाही. ते काम बंदच व्हावयास हवे आणि त्यासाठी १९९३ व २०१३ चे कायदे झाले आहेत. कोणत्या कामाचे ज्ञान जपावे आणि कोणते काम कायमचे मिटवावे, ही निवड मुलांना करता आली पाहिजे.

त्यांचे पूर्ण समाधान झाले असा आमचा दावा नाही. "बघू," एवढेच ते म्हणाले. पण पुढच्या भेटीला येताना मुलाच्या आग्रहावरून त्यांनी घरात पडून असलेली जुनी रापी कापडात गुंडाळून आणली होती. विज्ञानाच्या खोलीत ती आता काचेच्या कपाटात आहे, आणि खाली मुलाच्याच अक्षरात तिचा उपयोग लिहिला आहे.

या पुस्तकातून पुढे वाचावयाचे तर ओघाने येते ते 'भीमायन'. २०११ साली 'नवयान'नेच काढलेल्या या चित्रचरित्रात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दोघांची चित्रे आहेत आणि मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा आहे. आधार प्रामुख्याने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात्मक टिपणांचा. पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग. चित्रकथांच्या पुस्तकात पान चौकटींत कापलेले असते. व्याम दांपत्याने माणसांना चौकटींत कोंडावयास नकार दिला आणि पानाची विभागणी डिगनाच्या वळणदार पट्ट्यांनी केली. बोलण्याचे फुगेही त्यांनी अर्थानुसार घडविले. मायेने किंवा साधेपणाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आगगाडी नागासारखी वळवळत येते. बडोद्यात निवारा न मिळाल्याने बाबासाहेब बागेत बसून राहिले, त्या पानावर त्यांचे शरीरच बाग होते.

१९०१ सालचा तो प्रवास, मसूर स्थानकावर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुले, दुप्पट पैसे घेऊनही गाडीत न बसता पायी चालणारा गाडीवान, आणि रात्रभर कोठेही न मिळालेले पाणी, हे आपल्या मुलांना पाठ आहे. परंतु श्रमाच्या अभ्यासासाठी आम्हांस १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथल्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकण्यास नकार दिला. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकावयास कोणी येईना, म्हणून वस्तीतीलच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलाजवळ अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगा हाकणारा स्वतः कष्टकरी, गरीब, हलक्या कामाचा मानलेला. तरीही एका बॅरिस्टरपेक्षा आपण वरचे, ही त्याची खात्री होती. मुले येथे विचारतात, "मग त्याच्या श्रमाला प्रतिष्ठा द्यायची का?" हा प्रश्न पुस्तकाच्या लेखकालाही अडचणीत टाकणारा आहे. आम्ही तो फळ्यावर तसाच राहू देतो आणि पुढच्या तासाला पुन्हा त्यापासून सुरुवात करतो.

या वाचनातून आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे एक लहान पुस्तक तयार करण्यास घेतले आहे. एक मूल लिहिते, दुसरे चित्र काढते. अट अशी की लिहिणाऱ्याने आपला मजकूर चित्र काढणाऱ्याला वाचावयास द्यावयाचा नाही, तोंडी सांगावयाचा. दुर्गाबाईंपर्यंत कथा जशी पोहोचली तशी. त्यामुळे गमती होतात. एका मुलीने केरसुणी वळणाऱ्या आपल्या आजीविषयी सांगितले. चित्र काढणाऱ्या मुलाने आजी एवढीशी आणि शिंदीचे झाड पानभर काढले. मुलीने तक्रार केली. मुलगा म्हणाला, तू सारा वेळ झाडाविषयीच बोलत होतीस : कोणत्या दिवसांत पाला कापायचा, किती वाळवायचा, ओला राहिला तर काय होते. पान तसेच ठेवले आहे.

आजवर केरसुणी, दोर वळणे, हलगी मढविणे, सुईणपण, वीटभट्टी, मेंढरांची लोकर कातरणे आणि हातमाग एवढी पाने झाली आहेत. हातमागाचे पान मात्र अपुरे आहे, कारण ताणा लावताना वापरावयाचे शब्द सांगणारे कोणी मुलांना भेटले नाही. विदर्भातील ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी आजे-पणजे माग चालवीत असत, त्यांनी घरातील वृद्धांकडून ते शब्द विचारून शाळेच्या पत्त्यावर लिहून पाठवावेत. धोटा, कांडी, फणी आणि तूर हे चार आमच्याकडे आहेत. बाकीचे हवे आहेत, आणि सांगणाऱ्याचे नाव व गाव अवश्य लिहावे.